बार कौन्सिलच्या तक्रार शाखेतलं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे प्रश्न तिघांकडून येतात: सनद (वकिलीचा परवाना) मिळाली पण कोर्टात मन रमत नाही अशी मुलंमुली, आपल्या वकिलावर चिडलेले पक्षकार आणि आमची नोटीस हातात पडलेले वकील. खाली ते प्रश्न सोप्याकडून किचकटाकडे लावले आहेत. उत्तरं महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांची नोंदणी आणि शिस्त पाहणाऱ्या संस्थेच्या, हद्दीला धरून आहेत, आणि कलमं अधिवक्ता अधिनियम १९६१ ची. एका उत्तरात दुसऱ्याचा विषय निघाला की तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तुम्ही नेमके कोण? वकील, न्यायाधीश की कारकून?

कारकुनाच्या सर्वांत जवळचे. वकिलाविरुद्ध आलेली तक्रार नोंदवायची, त्रुटी काढायच्या, दोन्ही बाजूंचे कागद मागवायचे, टिपण करून कौन्सिलपुढे ठेवायचं आणि प्रकरण शिस्तपालन समितीकडे (प्रश्न १३) गेलं की नोटिसा, तारखा, रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद) सांभाळायचा. वकील दोषी की निर्दोष, यात आमचा शब्द चालत नाही. पण पन्नास पानी तक्रारीत आरोप नेमका कोणता, हे आमच्या टिपणात चार ओळींत आलं नाही तर समितीचा अर्धा दिवस तो शोधण्यात जातो. या कामाचं खरं कसब तिथेच आहे: लोक राग लिहून पाठवतात, त्यातून आरोप वेगळा काढायचा.

तक्रारदाराला वाटतं आम्ही त्याच्या बाजूचे, वकिलाला वाटतं आम्ही तक्रारदाराचे. पहिल्याच फोनवर दोघांचाही गैरसमज काढावा लागतो.

२. या नोकरीसाठी शिक्षण काय लागतं? परीक्षा असते का?

कायद्यात ‘तक्रार अधिकारी’ असं पद नाही. कलम ११ प्रमाणे प्रत्येक बार कौन्सिल सचिव नेमतं आणि गरजेप्रमाणे बाकीचे कर्मचारी. शिस्तपालन समितीच्या कामकाजाचे नियम रजिस्ट्रारचा उल्लेख करतात. आम्ही या मंडळींच्या हाताखाली. नेमणूक कौन्सिल स्वतः करतं, त्यामुळे एमपीएससीच्या वेळापत्रकात ही पदं शोधू नका.

कायद्याची पदवी असेल तर काम लवकर उमगतं. त्याहून उपयोगी पडतं ते मराठी-इंग्रजी दोन्हींत टिपण लिहिणं, आणि सातबारा, फेरफार, खरेदीखत, वारसनोंद वाचता येणं. तक्रार वकिलावर असते, पण तिच्या मुळाशी बरेचदा भावाभावांतली जमीन असते. फेरफार कधी पडला हेच कळलं नाही तर वकिलाने मुदत चुकवली की नाही, हे कसं कळणार?

३. माझ्याकडे सनद आहे. नोकरी करून उरलेल्या वेळात वकिली करू का?

नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांतला ४९ वा नियम पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करू देत नाही. नोकरी धरली की कौन्सिलला कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत सनद स्थगित ठेवायची. सोडली की अर्ज करून ती पुन्हा चालू करून घेता येते. ज्या शाखेत याच नियमाच्या भंगाच्या तक्रारी येतात, तिथल्याच माणसाने संध्याकाळी नोटिसा ड्राफ्ट करून पैसे घेतले तर काय शोभा राहील!

४. तक्रार तुमच्या टेबलावर आल्यावर सर्वांत आधी काय होतं?

आवक शिक्का. ती तारीख साधी नाही, एक वर्षाची मुदत तिच्याशी बांधलेली असते (प्रश्न ११).

मग वकिलाची ओळख. ‘कुलकर्णी वकील, कोर्टासमोर, दुसरा मजला’ एवढ्यावर आम्ही कोणाला नोटीस काढणार? रोलवर, म्हणजे कौन्सिलच्या वकिलांच्या नोंदयादीत, त्या आडनावाचे ढीगभर लोक असतात. तक्रारदाराने वकीलपत्राची नक्कल जोडली असेल तर त्यावर पूर्ण नाव आणि ‘महा’ने सुरू होणारा सनद क्रमांक बहुतेक वेळा सापडतो. तो रोलशी ताडून पाहायचा. नाव रोलवर नसेल तर गोष्ट वेगळ्या वळणाला जाते (प्रश्न १४).

पुढे नमुना. तक्रार साध्या पत्राच्या रूपात चालत नाही. ती अर्जाच्या स्वरूपात, सही केलेली आणि दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे सत्यापन केलेली हवी. सत्यापनात कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीवर आणि कोणते ऐकीव माहितीवर खरे मानले आहेत, ते वेगळं सांगून तारीख आणि ठिकाण घालायचं असतं. लोक शेवटच्या पानावर झोकात सही करतात आणि सत्यापनाची जागा कोरी सोडतात. शुल्क भरलेलं नसतं, प्रती कमी असतात, व्हॉट्सअ‍ॅपच्या छायाचित्रांवर तारीख दिसत नाही. हे सगळं एकाच त्रुटीपत्रात कळवायचं. दर वेळी एकेक त्रुटी काढून माणसाला चार हेलपाटे घालायला लावणारा टेबलवाला मला तरी सहन होत नाही.

त्रुटी निघाल्या की मी कागदावर तीन रकाने आखतो: तारीख, घटना, कागद. समजा तक्रारीत लिहिलंय, ‘वकिलाने तीन वर्षं तारखा सांगितल्या, प्रत्यक्षात दावा दाखलच केला नाही.’ घटनेच्या रकान्यात हे वाक्य, तारखेच्या रकान्यात वकीलपत्रावर सही केल्याचा दिवस, आणि कागदाच्या रकान्यात काय? ई-कोर्ट्स या कोर्टाच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घेतलेली प्रत, कोर्टाच्या कार्यालयाचा दाखला, ‘पुढची तारीख १२’ असा वकिलाचा संदेश. तिसरा रकाना भरत गेला की प्रकरण उभं राहतं. सबंध पान लिहून तिसरा रकाना रिकामाच राहिला, तर कौन्सिल अधिक तपशील मागवू शकतं आणि वकिलाचा खुलासाही घेऊ शकतं. त्यानंतरच प्रकरण समितीकडे धाडायचं की नाही, ते ठरतं.

५. तक्रार मराठीत दिली तर चालेल का?

चालेल. नियमांत इंग्रजी, हिंदी किंवा राज्यभाषा म्हणून जाहीर झालेली प्रादेशिक भाषा, असं स्पष्ट आहे. प्रकरण पुढे दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे गेलं तर इंग्रजी भाषांतर करून देणं राज्य कौन्सिलचं काम. तेव्हा कोणाला पैसे देऊन मोडक्या इंग्रजीत तक्रार लिहून घेऊ नका. ‘त्यांनी मला फसवलं’ हे जितकं तुमच्या शब्दांत येतं तितकं भाड्याच्या इंग्रजीत येत नाही.

६. माझा वकील केस हरला. हे गैरवर्तन धरता येईल ना?

हरला एवढ्यावरून नाही. प्रत्येक दाव्यात एक बाजू हरतेच. कलम ३५ ‘व्यावसायिक किंवा इतर गैरवर्तन’ म्हणतं, त्याची यादी देत नाही. त्यामुळे प्रत्येक प्रकरणात पाहावं लागतं की वकिलाचं मत चुकलं, की त्याने कर्तव्यच टाळलं.

साक्षीदार कोणता आधी तपासायचा, उलटतपासणीत काय विचारायचं, हे वकिलाच्या अकलेचे निर्णय. ते फसले तरी गैरवर्तन होत नाही. अपिलाची मुदत चालू आहे हे सांगितलंच नाही, तडजोडीवर पक्षकाराच्या नकळत सही केली, भरपाईची रक्कम उचलली आणि कळवलं नाही, ही कर्तव्याची बाजू झाली. निष्काळजीपणा यांच्या मधोमध उभा असतो. एखादी तारीख चुकली तर सहसा काही होत नाही. वर्षभर एकाही तारखेला हजर न राहता ‘चालू आहे’ सांगत राहिलेला वकील मात्र अडचणीत येतो.

मोटार अपघात भरपाईच्या प्रकरणांत आणखी एक गोष्ट दिसते. ‘मिळेल त्यातले पंचवीस टक्के’ अशी बोली होते. निकालाच्या रकमेवर टक्का ठरवून फी घ्यायला आचारनियमांची बंदी आहे, पण पैसे हातात पडेपर्यंत ही बोली दोघांनाही सोयीची असते, म्हणून कोणी ओरडत नाही. भांडण धनादेश आल्यावर सुरू होतं. पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवणं आणि मागितला की त्याची प्रत देणं वकिलाला बंधनकारक आहे. खर्चासाठी घेतलेले पैसे लेखी संमतीशिवाय फीत वळवता येत नाहीत. तक्रार करण्याआधी हा हिशेब लेखी मागा. नकार किंवा मौन, दोन्ही तुमच्या तिसऱ्या रकान्यात बसतं.

७. समोरच्या पार्टीच्या वकिलाने कोर्टात धडधडीत खोटं मांडलं. त्याच्याविरुद्ध तक्रार घ्याल?

नोंदवून घेऊ, पण पुढे जाणं कठीण आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्याच प्रकरणांत सांगितलं की व्यावसायिक गैरवर्तनाच्या कारवाईसाठी सर्वसाधारणपणे तक्रारदार आणि वकील यांच्यात पक्षकार-वकिलाचं नातं लागतं. प्रतिज्ञापत्र करणाऱ्याची ओळख पटवून सही केली म्हणून वकील त्यातल्या मजकुराचा धनी होत नाही, हेही त्यात आलं. कौन्सिलवर खर्चही बसला. तक्रार समितीकडे धाडताना ‘गैरवर्तन झाल्याचं मानायला कारण आहे’ एवढं छापील वाक्य पुरत नाही, ते कारण आदेशात दिसलं पाहिजे, हा आमच्यासाठी त्यातला धडा.

वकील आपल्या अशिलाची बाजू मांडतो, ती तुम्हाला खोटी वाटणारच. खोट्या कागदाविषयी तुमच्याकडे पुरावा असेल तर तो आधी त्याच कोर्टापुढे ठेवा. अपवाद आहे तो बाजू बदलणाऱ्याचा: आधी तुम्हाला सल्ला दिला किंवा तुमचा दावा लिहिला आणि मग त्याच वादात समोरून उभा राहिला, तर आचारनियमांतला नियम ३३ थेट लागू होतो. तिथे तुम्हीच त्याचे जुने पक्षकार असता.

८. फी बाकी आहे म्हणून वकील माझी फाइल अडवून बसलाय. त्याला तो हक्क आहे का?

नाही. २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की न दिलेल्या फीपोटी वकिलाला पक्षकाराचे कागद तारण म्हणून ठेवता येत नाहीत, आणि मागूनही न देणं हे गैरवर्तन ठरतं. फीसाठी त्याने दावा करावा. तुम्ही फाइल लेखी मागा आणि पोच ठेवा. नवीन वकिलाचं वकीलपत्र जुन्याच्या संमतीने किंवा कोर्टाच्या परवानगीने दाखल होतं, त्यामुळे संमती अडकवून ठेवली तर कोर्टाला सांगा, आमच्या निकालाची वाट पाहू नका.

९. माझे पैसे परत मिळवून द्याल का? ग्राहक मंचात जाऊ का?

पहिल्याचं उत्तर नाही. समितीच्या हातात काय आहे ते प्रश्न १३ मध्ये दिलं आहे. त्यात भरपाई नाही.

ग्राहक आयोगाचा रस्ता १४ मे २०२४ च्या निकालाने बंद झाला. वकिलाची सेवा ही वैयक्तिक सेवेचा करार आहे, म्हणून सेवेतल्या कमतरतेसाठी ग्राहक कायदा लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. दिवाणी दावा करता येतो. पैशांचा अपहार असेल तर पोलिसांत फिर्यादही देता येते. आमच्याकडे तक्रार केली म्हणून हे दोन रस्ते बंद होत नाहीत.

१०. आमचं आपसात मिटलं. तक्रार मागे घेतली की संपलं ना?

तेवढ्यावर संपत नाही. तक्रारदाराने मागे घेतली, तडजोड झाली किंवा त्याला पुढे चालवायची नाही, केवळ या कारणाने चौकशी सोडू नये असा नियमच आहे. यावरून आमच्याशी सर्वाधिक वाद घातला जातो. कारण सरळ आहे: पैसे खाल्लेल्या वकिलाने तक्रार झाल्यावर ते परत केले, म्हणजे मधली दोन वर्षं ते त्याच्याकडे होतेच. पुढच्या पक्षकाराचं काय? समिती तडजोड विचारात घेते, शिक्षा सौम्यही होऊ शकते. काही तक्रारी मुळात फक्त फी कमी करून घेण्यासाठी ठोकलेल्या असतात, त्याही अशा वेळी उघड्या पडतात.

११. निकाल किती दिवसांत लागतो?

कलम ३६ब म्हणतं, तक्रार आल्यापासून एक वर्षात. न लागल्यास प्रकरण आपोआप बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मुदतीची आठवण पुन्हा कडकपणे करून दिली. प्रत्यक्षात नोटीस बजावली जात नाही, तारखा वाढवून मागितल्या जातात, समितीचे सदस्य स्वतः चालू वकील असल्याने त्यांच्या कोर्टाच्या तारखा आड येतात. मग सांगली किंवा गडचिरोलीच्या तक्रारदाराला दिल्लीची वाट धरावी लागते. माझ्या मते या कायद्यातली सर्वांत दुखरी जागा हीच. मुदत वकिलाला धाक बसावा म्हणून आहे, पण ती संपल्याचा त्रास बहुतेक वेळा तक्रारदारालाच होतो. त्रुटीपत्राला उत्तर द्यायला तुम्ही तीन महिने घेतलेत तर ते याच वर्षातून जातात, एवढं ध्यानात ठेवा.

१२. मी वकील आहे, तुमची नोटीस आली आहे. घेतलीच नाही तर?

नोटीस रोलवरच्या पत्त्यावर जाते. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून लिफाफा परत आला तर बजावणी झाली असं धरता येतं आणि समिती एकतर्फी पुढे जाऊ शकते. एकतर्फी आदेश रद्द करून घ्यायला ६० दिवसांत, प्रतिज्ञापत्रासह, सबळ कारण दाखवावं लागतं. ‘पत्त्यावर राहत नाहीत’ असे शेरे आले तर बहुतेक वेळा वकिलाने ऑफिस हलवून कौन्सिलला कळवलेलंच नसतं. पत्ता आजच बदलून घ्या.

खुलासा परिच्छेदवार द्या, कागद जोडा. ‘तक्रार खोटी, द्वेषमूलक आणि फेटाळण्यास पात्र’ हे वाक्य प्रत्येक खुलाशात असतं, त्याने समितीला काहीच कळत नाही. वकीलपत्र, फीची पावती, पक्षकाराला पाठवलेलं पत्र, रोजनाम्याची नक्कल, यांतला एक कागदही त्या वाक्याहून जास्त बोलतो. आणि कृपा करून आमच्या शाखेत ओळख काढू नका.

१३. समितीत कोण असतं आणि शिक्षा कोणत्या?

तिघं: दोन कौन्सिलचे सदस्य आणि एक बाहेरचा ज्येष्ठ वकील. तिघांत ज्येष्ठ तो अध्यक्ष. राज्याच्या महाधिवक्त्यालाही (सरकारचा मुख्य वकील) नोटीस जाते. कागद आणि प्रतिज्ञापत्रांवर निकाल देता येतो. गरज पडली तर उलटतपासणी होते आणि मग दिवाणी दाव्यासारखी पद्धत चालते. साक्षीदाराला समन्स काढण्याचा अधिकार समितीला आहे.

तक्रार फेटाळणं, ताकीद देणं, ठरावीक काळ सनद निलंबित करणं, रोलवरून नाव कमी करणं, हे चार आदेश शक्य आहेत. निलंबित वकील त्या काळात देशातल्या कुठल्याच कोर्टात उभा राहू शकत नाही. कारवाई निम-फौजदारी मानली जाते, म्हणून संशयाचा फायदा वकिलाला मिळतो. तक्रार फेटाळली म्हणजे तुम्ही खोटे ठरलात असं नाही, पुरावा त्या उंचीपर्यंत पोचला नाही एवढाच अर्थ असू शकतो. अपील ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे, तिथून पुन्हा ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात.

१४. तो वकील बोगस निघाला, किंवा नोटरी आहे, किंवा बेळगावचा आहे. मग?

तिन्हींचे रस्ते वेगळे. सनदच नसलेल्या माणसाला आम्ही शिस्त लावू शकत नाही, कारण तो आमच्या रोलवर नाही. कलम ४५ प्रमाणे त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, फिर्याद पोलिसांत द्या. सनद आहे पण पदवी खोटी दाखवून मिळवली, असं असेल तर नाव काढण्याचा अधिकार कलम २६ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाचा.

नोटरी म्हणून केलेल्या सही-शिक्क्याची तक्रार नोटरी नियम १९५६ प्रमाणे सरकारकडे जाते. तोच माणूस तुमचा वकीलही असेल तर वकिलीपुरतं आमच्याकडे या, दोन्ही एकाच अर्जात कालवू नका.

बेळगावच्या वकिलाचं नाव कर्नाटकच्या रोलवर असेल तर तक्रार तिकडे, मग त्याने केस कोल्हापुरात का चालवलेली असेना. कोर्ट कुठलं हे पाहायचं नाही, रोल कुठला ते पाहायचं. दमणचा वकील मात्र आमच्याच रोलवर असू शकतो, कारण दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली याच कौन्सिलच्या हद्दीत येतात. कोल्हापूरचं सर्किट बेंच, नागपूर किंवा संभाजीनगरचं खंडपीठ ही उच्च न्यायालयाची ठिकाणं आहेत, तिथल्या रजिस्ट्रीत आमच्याकडे द्यायची तक्रार देऊ नका.

१५. वकिलांचं कौन्सिल वकिलांनाच पाठीशी घालणार, नाही का?

शंका रास्त आहे. सदस्य वकिलांच्या मतांवर निवडून येतात, आणि निवडणूक जवळ आली की शाखेतल्या फोनचा सूर बदलतो. तरीही इतिहासात उलट दाखला आहे. मुंबईतल्या फौजदारी कोर्टाच्या दाराशी अशिलांची ओढाओढ करणाऱ्या वकिलांना राज्य समितीने दोषी धरलं, दिल्लीच्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने सोडून दिलं, तेव्हा राज्य कौन्सिल स्वतःच सर्वोच्च न्यायालयात गेलं. कौन्सिललाही अपिलाचा हक्क आहे, हे १९७५ साली याच प्रकरणात ठरलं, ते दाभोळकर प्रकरण म्हणून ओळखलं जातं. समितीतला एखादा सदस्य त्या वकिलाचा भागीदार किंवा नातलग आहे असं तुम्हाला ठाऊक असेल तर पहिल्याच तारखेला लेखी कळवा. निकालानंतर सांगितलेल्या हरकतीला वजन राहत नाही.

१६. इंग्लंडमध्ये एलएलएम करतोय. तिथे असं काम मिळेल का, आणि फरक काय?

काम तेच, पण घरं वेगवेगळी. सॉलिसिटरांसाठी (मुख्यतः सल्ला आणि कागदपत्रं पाहणारे वकील) सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी, बॅरिस्टरांसाठी (मुख्यतः कोर्टात बाजू मांडणारे) बार स्टँडर्ड्स बोर्ड, आणि वाईट सेवेच्या तक्रारींसाठी २०१० पासून लीगल ऑम्बुड्समन. तिथे चौकशी अधिकारी स्वतः कागद मागवतो, मुलाखती घेतो. इथे आम्ही दोन्ही बाजूंनी आणलेल्या कागदांवर चालतो. पुराव्याचं मापही निराळं: २०१९ पासून तिथे दोन्ही व्यवसायांसाठी दिवाणी माप, म्हणजे जास्त संभव कशाचा, ते वापरलं जातं. सेवेची तक्रार आणि आचरणाची तक्रार तिथे पहिल्याच पायरीला वेगळी होते, म्हणून प्रश्न ६ आणि ९ मधला गोंधळ बराच कमी. तेवढं आपण घ्यायला हरकत नव्हती.

१७. चौकशी चालू असताना तक्रारदार वारला तर? वकील वारला तर?

वकील वारला तर कारवाई तिथेच थांबते. तक्रारदार वारला तर आपोआप थांबत नाही: वारस पुढे चालवू शकतो, आणि कोणी पुढे आलं नाही तर आरोपांचं स्वरूप आणि हाती असलेला पुरावा पाहून समिती चौकशी चालवायची की बंद करायची ते ठरवते. वारसाने मृत्यूचा दाखला आणि आपलं नातं सांगणारं प्रतिज्ञापत्र घेऊन अर्ज करायचा. नव्याने तक्रार टाकू नका, जुना क्रमांक लिहा.